उगवतीकडे साठ पावले

गेल्या वीस-पंचवीस वर्षांत हिंजवडीच्या उंच इमारतींत एक नवी वस्ती आली आहे आणि तिचे वय साठीच्या पुढचे आहे. मुलाला किंवा मुलीला राजीव गांधी माहिती तंत्रज्ञान उद्यानात नोकरी लागली, घर झाले, नातवंडे झाली. मग लातूर, अमरावती, सांगली किंवा जळगावचे आपले घर बंद करून आई-वडील चौदाव्या मजल्यावर राहावयास आले. गावी असताना कोणी पत्ता विचारला, तर ही मंडळी सहज सांगत, “मारुतीच्या देवळापासून उगवतीला निघा. ओढा ओलांडला की पिंपळाचा पार लागेल, त्याच्या मागचेच घर.” इथे त्यांना इमारतीचे नाव आणि सदनिकेचा क्रमांक पाठ असतो. फाटकाबाहेर कोणती वाट कुठे जाते, हे मात्र ठाऊक नसते.

“फिरायला जाता ना?” असे डॉक्टरांनी विचारले, की उत्तर येते, “जातो की. सोसायटीच्या आवारात सात फेऱ्या.” फाटकाबाहेर का जात नाही, याचे पहिले कारण वाहनांची गर्दी, आणि ते खरेच असते. दुसरे कारण मुलाला किंवा सुनेला सहसा सांगितले जात नाही: परत येताना वाट चुकली तर? सगळ्या इमारती सारख्याच दिसतात, काल होता तो रस्ता आज खोदलेला असतो, आणि वाट विचारावी तर थांबून बोलायला कोणाला वेळ नसतो. या भीतीने माणूस घराबाहेरचे जग हळूहळू आखडते घेतो. पाय आखडतात ते त्यानंतर.

या भीतीवर उपयोगी पडेल असा एक खेळ आहे. त्याचे नाव जिओकॅशिंग. नाव परके असले, तरी खेळाचा गाभा आपल्या ज्येष्ठांच्या अंगवळणी पडलेलाच आहे: खुणा लक्षात ठेवून वाट काढणे.

लपवलेल्या डब्याचा शोध

या नावातील ‘कॅश’चा रोख रकमेशी काही संबंध नाही. पुढे लागेल म्हणून लपवून ठेवलेली शिदोरी, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. एक जण डबा लपवतो आणि त्या जागेचे अक्षांश-रेखांश जाहीर करतो. दुसरे लोक ते आकडे घेऊन डबा शोधतात, आतल्या वहीत नाव व तारीख लिहितात आणि डबा होता तसाच परत ठेवतात. आतली एखादी वस्तू घेतली, तर तेवढ्याच मोलाची दुसरी ठेवावी, असा संकेत आहे.

उपग्रहांवरून स्थान सांगणाऱ्या अमेरिकी जीपीएस यंत्रणेत पूर्वी सामान्य नागरिकांसाठी मुद्दाम चूक मिसळलेली असे, त्यामुळे जागा शंभर मीटरपर्यंत चुकू शकत असे. मे २००० च्या आरंभी अमेरिकेने ती चूक काढून टाकली. लगेच ३ मे रोजी डेव्ह उल्मर यांनी ओरेगन राज्यातील बीव्हरक्रीक गावाजवळ एक बादली लपवली आणि तिचे आकडे जाहीर केले. तीत पुस्तके, काही किरकोळ वस्तू आणि घेवड्याचा एक बंद डबाही होता. काही दिवसांतच ती शोधली गेली. आज जगभरात असे तीस लाखांहून अधिक डबे आहेत.

खेळाचे मूळ मात्र याहून जुने आहे. इंग्लंडमधील डार्टमूर येथे जेम्स पेरट नावाच्या वाटाड्याने १८५४ मध्ये एका दुर्गम जागी बाटली ठेवली. तिथवर चालत येणारे लोक तीत आपली भेटपत्रे टाकू लागले. त्या वेळी उपग्रह नव्हते. दिशा, अंतर आणि खुणा एवढ्यावरच वाट सापडत असे.

बाण दिशा दाखवतो, वाट नव्हे

हिंजवडी साधारण उत्तर अक्षांश १८ अंश ३५ मिनिटे आणि पूर्व रेखांश ७३ अंश ४४ मिनिटे या ठिकाणी आहे. अक्षांशाचे एक मिनिट म्हणजे जमिनीवर सुमारे १८५० मीटर. या खेळात मिनिटाचा हजारावा भागही लिहितात, आणि तो दोन मीटरांहूनही कमी भरतो. मोकळ्या आकाशाखाली साधा मोबाइल सुमारे पाच मीटरांपर्यंत जागा दाखवतो. उंच इमारतींच्या दाटीत उपग्रहांचे संकेत भिंतींवरून परावर्तित होतात आणि चूक वाढते. म्हणून शेवटची काही पावले मोबाइल खिशात ठेवून डोळ्यांनीच शोधावी लागतात.

मोबाइलवरचा नेहमीचा नकाशा “दोनशे मीटरनंतर डावीकडे वळा” असे सांगतो आणि आपण वळतो. जिओकॅशिंगचा बाण एवढेच दाखवतो: १८० मीटर, ईशान्येला. मध्ये भिंत आहे की नाला, हे त्याला ठाऊक नसते. वाट आपणच काढायची.

नदीकाठी हा फरक विशेष जाणवतो. बाण म्हणतो, ऐंशी मीटर. समोर पाहावे तर मधून मुळा वाहते आहे आणि डबा पैलतीरावर आहे. मग पूल कुठे आहे, तिथवर किती चालायचे, पूल ओलांडल्यावर नदी कोणत्या हाताला येईल, असे प्रश्न मनात उभे राहतात. आपल्या पिढीने हे प्रश्न आयुष्यभर सोडवले आहेत. इथे कोणी ते आपल्याला विचारलेलेच नाहीत.

मेंदूतील नकाशा

मेंदूच्या आत, कानशिलाच्या बाजूस, हिप्पोकॅम्पस नावाचा एक छोटा भाग असतो. नव्या आठवणी साठवणे आणि जागेचे भान ठेवणे ही त्याची प्रमुख कामे. आपण कुठे आहोत हे मेंदूतील कोणत्या पेशी टिपतात, या शोधासाठी जॉन ओकीफ तसेच माय-ब्रिट मोझर आणि एडवर्ड मोझर यांना २०१४ चे नोबेल पारितोषिक मिळाले. शहराचे हजारो रस्ते पाठ करणाऱ्या लंडनच्या टॅक्सीचालकांत या भागाची मागची बाजू इतरांहून मोठी आढळली, असे २००० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दिसले.

ज्येष्ठांच्या दृष्टीने २०११ मध्ये अमेरिकेत प्रसिद्ध झालेला अभ्यास अधिक जवळचा आहे. त्यात ५५ ते ८० वर्षे वयाच्या १२० व्यक्ती होत्या. निम्म्यांनी वर्षभर, आठवड्यातून तीन दिवस, वेगाने चालण्याचा व्यायाम केला. त्यांच्या हिप्पोकॅम्पसचा आकार सुमारे २ टक्क्यांनी वाढला. केवळ ताणाचे हलके व्यायाम करणाऱ्या उरलेल्यांमध्ये तो किंचित घटला. एका अभ्यासावरून सर्वांना असाच लाभ होईल असे म्हणता येत नाही, आणि हा खेळ स्मृतिभ्रंशावरचा उपचारही नाही. तरी चालणे आणि वाट लक्षात ठेवणे ही दोन्ही कामे एकत्र घडावीत, ही अपेक्षा रास्त आहे.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शनानुसार ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला किमान १५० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि किमान तीन दिवस तोल सांभाळण्याचे व्यायामही करावेत. आवारातल्या सात फेऱ्यांनी पहिली गरज काही अंशी भागते. दुसरी भागत नाही, कारण सपाट फरशीवर तोलाची परीक्षाच होत नाही. वळण, चढ, थोडे वाकणे, थांबून मागे पाहणे हे सारे शोधाच्या खेळात आपोआप घडते.

पहिली श्रेणी आणि पाचवी श्रेणी

या खेळात प्रत्येक डब्याला दोन आकडे दिलेले असतात. पहिला शोधण्याच्या अवघडपणाचा, दुसरा तिथवरच्या वाटेचा, आणि दोन्ही १ ते ५ मध्ये मोजतात. वाटेची श्रेणी १ म्हणजे चाकांच्या खुर्चीवरूनही जाता येईल अशी जागा. श्रेणी ५ म्हणजे दोर, नाव असे खास साधन लागेल अशी जागा. नदीतल्या बेटावर ठेवलेला, केवळ कयाकमधून पोहोचता येणारा डबा या पाचव्या श्रेणीत मोडतो. कयाक म्हणजे बसून, दोन्ही टोकांना पाते असलेल्या वल्ह्याने चालवायची अरुंद होडी. कनू ही तिची उघडी बहीण, आणि तिचे वल्हे एकाच पात्याचे असते. परदेशांत नदीकाठच्या पायवाटांवर अशा होड्या पाण्यात उतरवण्याचे उतार बांधलेले असतात. त्यांच्या आसपास बहुधा दोन्ही श्रेणींचे डबे सापडतात: काठावरच्या बाकाजवळ आजोबांसाठी एक, पाण्यापलीकडे नातवासाठी दुसरा.

पुण्याला होड्यांची परंपरा जुनी आहे. बंड गार्डनजवळच्या रॉयल कॅनॉट बोट क्लबची स्थापना १८६८ ची, तर अभियांत्रिकी महाविद्यालयाचा बोट क्लब संगमाजवळ १९२८ पासून आहे. त्याचा वार्षिक रेगाटा अनेक पुणेकरांनी काठावर बसून पाहिलेला असेल. हिंजवडीकरांना सर्वांत जवळची नदी म्हणजे म्हाळुंगे-बालेवाडीकडून वाकड-औंधकडे जाणारी मुळा. तिचे पाणी मात्र आज हात बुडवण्याजोगे नाही. मैलापाणी, जलपर्णी आणि डास यांमुळे ज्येष्ठांनी तिच्यात उतरण्याचा विचारही करू नये.

या मुळेची एक गोष्ट नातवंडांना आवर्जून सांगावी. मुळशी येथे टाटांनी बांधलेल्या धरणात तिचे पाणी अडवले जाते. या धरणाविरुद्ध १९२१ मध्ये झालेला मुळशी सत्याग्रह आणि सेनापती बापटांचे नाव आपल्या पिढीला शाळेपासून ठाऊक आहे. त्या जलाशयाचे पाणी सह्याद्रीपलीकडे भिरा येथील वीजगृहात उतरते आणि वीज निर्माण करून कुंडलिका नदीत सुटते. कोलाडला तरुण मंडळी राफ्ट आणि कयाक घेऊन ज्या प्रवाहात उतरतात, तो हाच. म्हणजे हिंजवडीकडे येऊ शकले असते असे पाणी कोकणात जाऊन होड्या चालवते. नकाशा समोर ठेवून ही वाट बोटाने दाखवली, तर भूगोलाचा एक पूर्ण तास होतो.

नातवंडांसोबत पाण्यावर जाण्याची हौस असेल, तर पावसाळ्यानंतर पवना धरणासारख्या संथ जलाशयाकाठी, प्रशिक्षित माणूस आणि जीवरक्षक जाकीट असेल तरच जावे. सर्वांत धोक्याचा क्षण वल्हवण्याचा नसतो, होडीत पाऊल टाकण्याचा असतो. उभ्याने चढू नये. काठावर बसून, कोणीतरी होडी धरून ठेवली असताना, शरीराचा भार मध्यभागी ठेवत सरकावे. शेवाळलेल्या पायऱ्यांवरून उतरू नये. नुकतीच मोतीबिंदूची किंवा अन्य शस्त्रक्रिया झालेली असल्यास, हृदयविकार किंवा चक्कर येण्याचा त्रास असल्यास, आणि रक्त पातळ करणारी औषधे चालू असल्यास डॉक्टरांना विचारल्यावाचून पाण्यावर जाऊ नये. काठावर बसून मोबाइलचा बाण वाचणे आणि “आता थोडे डावीकडे” असे सांगणे, हेही खेळातले मानाचे काम आहे.

घरचा डाव कसा मांडावा

मोबाइलवर नोंदणी करून जगाच्या खेळात उतरता येतेच. पण आरंभ घरच्या डावाने करणे अधिक सोयीचे. नातवाने किंवा सुनेने पाच जागा निवडाव्यात. पहिल्या आठवड्यात सगळ्या आवारातच असाव्यात. चिठ्ठीवर लिहावे, “फाटकापासून उगवतीकडे साठ पावले, मग सावलीच्या बाजूला वळा.” दुसऱ्या आठवड्यात एक जागा फाटकाबाहेर, जवळच्या दुकानापर्यंत. तिसऱ्यात एक जागा देवळाजवळ. म्हातोबाचे देऊळ आणि चैत्र पौर्णिमेचे बगाड यांमुळे जुन्या हिंजवडीला स्वतःच्या ठळक खुणा आहेत. नव्याने आलेल्या ज्येष्ठांची त्यांच्याशी ओळख होणे हाही एक लाभ. चौथ्या-पाचव्या आठवड्यात, सोबतीने आणि वाहनाने जाऊन, नदी दिसेल अशा एखाद्या सुरक्षित जागी. अंतर हळूहळू वाढले की नव्या जागेची धास्ती कमी होते.

या डावाचा सर्वांत महत्त्वाचा नियम एकच: परतीची वाट ज्येष्ठांनी दाखवायची. जाताना नातू पुढे, येताना आजी पुढे. ती चुकीच्या वळणावर गेली, तर लगेच टोकू नये. पन्नास पावले जाऊ द्यावी. बहुतेक वेळा ती स्वतःच थांबते, आजूबाजूला पाहते आणि म्हणते, “ते निळ्या पाटीचे औषधांचे दुकान मघाशी उजव्या हाताला होते.” याच क्षणी मेंदूतला नकाशा कामाला लागलेला असतो. घाईने टोकणारा माणूस तोच क्षण हिरावून घेतो.

डब्याविषयी काही पथ्ये पाळावीत. डबा पारदर्शक असावा. त्यावर ‘कौटुंबिक खेळाचा डबा’ असे लिहून घरचा दूरध्वनी क्रमांक द्यावा. जागेच्या मालकाची किंवा सोसायटीच्या सचिवांची परवानगी घ्यावी. बसथांबा, मेट्रो स्थानक, बँक, देऊळ आणि लष्करी हद्दीच्या आसपास डबा मुळीच ठेवू नये. बेवारस वस्तू दिसली की पोलिसांना बोलावले जाते, आणि ते योग्यच आहे. अशा ठिकाणी डब्याऐवजी प्रश्न ठेवावा: पायऱ्या किती? शिळेवर कोणते वर्ष कोरले आहे? डब्यात खाऊ ठेवू नये. मुंग्या आणि कुत्री आपल्या आधी पोहोचतात. वहीसोबत शिसपेन्सिल ठेवावी, कारण ओलाव्याने शाई पसरते. डबा गुडघ्याच्या वर आणि खांद्याच्या खाली ठेवावा, म्हणजे खाली वाकणे किंवा मान मागे टाकणे टळते. दगडाखाली किंवा बिळात हात घालण्याची वेळ कधीच येऊ नये. नदीकाठच्या गवतात घोणस आणि नाग असू शकतात. काठीने आधी गवत हलवावे.

शरीराचे भान

चालताना मोबाइलकडे पाहू नये. थांबावे, पाहावे, मोबाइल खिशात ठेवावा आणि मग चालावे. वाकून उठताना रक्तदाब एकदम उतरून डोळ्यांपुढे अंधारी येऊ शकते. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी औषधे घेणाऱ्यांनी सावकाश, आधार धरून उठावे. मधुमेहींनी उपाशीपोटी निघू नये आणि खिशात साखरेचा पुडा ठेवावा. पादत्राणे मागून बंद असलेली, न घसरणारी असावीत. उन्हाळ्यात सकाळी आठच्या आत परतावे. पावसाळ्यात धरणांतून पाणी सोडले जाते, त्यामुळे नदीकाठ त्या काळात वर्ज्य समजावा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. प्रत्येकाच्या खिशात नाव, पत्ता, घरचा क्रमांक आणि औषधांची यादी असलेले कार्ड असावे. रुग्णवाहिकेसाठी १०८ आणि ज्येष्ठांच्या मदतीसाठी १४५६७ हे क्रमांक लक्षात ठेवावेत.

काळजीवाहकांसाठी

हा खेळ परीक्षा नव्हे. एखाद दिवशी वळण चुकणे, दुकानाचे नाव न आठवणे हे कोणत्याही वयात घडते. परंतु रोजच्या वाटेवर माणूस पुन्हा पुन्हा हरवू लागला, ओळखीच्या जागी गोंधळून उभा राहू लागला, दिवस-वेळेचा मेळ बसेनासा झाला, तर वय झाले म्हणून सोडून न देता डॉक्टरांकडे न्यावे. ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडचा विकार, नैराश्य, कमी दिसणे किंवा कमी ऐकू येणे यांमुळेही असे होऊ शकते, आणि या कारणांवर उपचार आहेत.

स्मृतिभ्रंशाचे निदान झालेले असेल, तर डाव घरातच मांडावा. खोली ओळखीची, खूण एकच आणि यश ठरलेले असावे. डब्यात जुने छायाचित्र, लग्नातल्या साडीचा तुकडा, गावच्या शेतातले चार दाणे ठेवावेत. “सांगा पाहू, हे कोण?” असे विचारू नये, कारण न आठवण्याचे दुःख त्यांना कळते. “हा तुमचा दादा, नाही का?” असे म्हणावे. आठवण त्यांची त्यांना येऊ द्यावी, आणि न आली तरी डबा सापडल्याचा आनंद त्यांचाच असतो. एकट्याने बाहेर जाण्याचा डाव मात्र अशा व्यक्तीसाठी कधीही नाही.

खेळ रुळला की अदलाबदल करावी. आजोबांनी डबा लपवावा आणि नातवंडांनी शोधावा. मोबाइल घरी ठेवायचा. आजोबांच्या चिठ्ठीवर अक्षांश-रेखांश नसतील. तिच्यावर उगवती-मावळती असेल, पावले असतील, एखाद्या झाडाची सावली सकाळी कुठे पडते हे असेल. मुले अडतील, चुकतील आणि परत येऊन विचारतील, “आजोबा, उगवती म्हणजे नक्की कुठली बाजू?” तेव्हा आजोबा खिडकीशी जाऊन बोट दाखवतील. चौदाव्या मजल्यावरून सूर्य उगवताना चांगला दिसतो.